मोठं अपडेट आलंय? घाबरू नका, पण लगेच बटणही दाबू नका

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आठवडाभर राहिला असेल. सकाळी साडेसातला शेजारणीच्या नंबरवरून आमच्या गोव्यातल्या बांदोड्याच्या मावशीचा फोन. "बाय, म्हजो फोन पिसो जालो!" म्हणजे फोन वेडा झाला. मी म्हटलं झालं काय, तर माटोळीच्या (गणपतीच्या वर फळाफुलांची बांधतात ती) सामानाचं सांगायला भटजींचा फोन आलेला आणि तो उचलायचा कसा तेच तिला कळेना. आदल्या दिवसापर्यंत बोट खालून वर सरकवलं की फोन उचलला जायचा, आज ते आडवं सरकवायचं झालेलं, बटणं मोठी गोलमटोल, रंग वेगळेच. तिने ठरवूनच टाकलं की कुणीतरी फोन हॅक केलाय, आणि फोन बंद करून कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. हॅकरला दिसू नये म्हणून असेल.

हॅक वगैरे काही नव्हतं. गूगलच्या 'फोन' ॲपचं रूप त्या दिवसांत बदललं आणि हे ॲप भारतातल्या पुष्कळ कंपन्यांच्या फोनवर आधीपासून घातलेलं असतं, त्यामुळे एकाच आठवड्यात गावोगाव लोक विचारत होते की माझ्या फोनला काय झालं. गंमत म्हणजे मावशीच्या फोनचं अँड्रॉइड तेच होतं, जुनंच. बदललं होतं फक्त एक ॲप.

तेव्हापासून फोंडा महालातल्या अर्ध्या नातेवाइकांचे फोन माझ्याकडे यायला लागले, आणि माझ्या स्वतःच्या फोनवर अँड्रॉइड १६ आल्यावर तर विचारूच नका. मी कॉम्प्युटर शिकलेली वगैरे नाही, पण दहाबारा जणांचे फोन अपडेट करून दिलेत, त्यात स्वतःची फजिती पण करून घेतलीय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. ज्यांनी आजपर्यंत ती सूचना आली की 'नंतर' दाबून सोडून दिली त्यांच्यासाठी.

आधी बघा, बदललंय काय

अपडेट हा शब्द एकच पण वस्तू चार. घराचं उदाहरण घ्या. अँड्रॉइड म्हणजे चिरे आणि भिंती, हे गूगल बनवतं आणि वर्षातून एकदा मोठा नंबर वाढतो, १४, १५, १६ असा. त्यावर फोनच्या कंपनीचा रंग आणि खिडक्या असतात, सॅमसंग त्याला वन यूआय म्हणते, शाओमी हायपरओएस म्हणते, म्हणून माझ्या फोनवर अँड्रॉइड १६ म्हणजे वन यूआय ८. तिसरं म्हणजे कड्याकुलपं, सिक्युरिटी पॅच, जो छोटा असतो आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी येतो (स्वस्त फोनवर त्याहून उशिरा). आणि चौथं घरातलं सामान, म्हणजे ॲप, ती प्ले स्टोअरमधून गुपचूप रात्री बदलतात. मावशीच्या घरात फक्त सामान हललं होतं आणि तिला वाटलं भिंतच पडली.

म्हणून कुणी फोन आणून दिला की मी पहिल्यांदा सेटिंगमध्ये जाऊन अगदी खाली 'अबाउट फोन' उघडते, तिथे 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन' किंवा 'अँड्रॉइड व्हर्जन' असं दिसतं. नंबर आणि सिक्युरिटी पॅचची तारीख एका कागदावर लिहा. हो, कागदावरच, कारण फोनमध्ये लिहिलं तर फोन अडल्यावर बघणार कुठे?

आता त्याच जागी 'अँड्रॉइड व्हर्जन'वर भराभर चारपाच टिचक्या मारल्या की एक गोल चित्र येतं, ते दाबून धरलं की अंतराळयानाचा छोटासा खेळ सुरू होतो, पोरं खूश. अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना गोड पदार्थांची नावं द्यायची पद्धत होती, २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून ती जाहीरपणे बंद झाली पण आतल्या आत अजून चालते, १५ चं नाव व्हॅनिला आइस्क्रीम होतं आणि १६ चं बकलावा. पदरापदरांचा गोड पदार्थच हवा होता, नाव ब वरूनच हवं होतं, तर आमची गोव्याची बेबिंका काय वाईट होती? असो.

लगेच नको, पण वर्षभर टाळत पण बसू नका

अँड्रॉइड १६ गूगलने १० जून २०२५ ला काढलं, पण ते त्यांच्या स्वतःच्या पिक्सल फोनांसाठी. सॅमसंगच्या एस २५ फोनांना ते मिळायला सप्टेंबर उजाडला आणि बाकीच्यांना त्याच्याही नंतर. का, तर गूगलने दिलेल्या भिंतींवर चिप बनवणारी कंपनी आधी आपलं काम करते, मग फोनची कंपनी आपला रंग मारते, मग तपासणी, आणि मग ते सगळ्यांना एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडतात म्हणजे काही बिघडलं तर थोड्याच लोकांचं बिघडावं. तेव्हा शेजाऱ्याला आलं आणि आपल्याला नाही, दोघांचा फोन तोच, हे अगदी नॉर्मल आहे. घड्याळ पुढे कर, दुसऱ्या देशाचं सिम घाल असले उपाय लोक सांगतात ते करू नका.

माझा हिशोब असा: सिक्युरिटी पॅच आला की त्याच रात्री टाकायचा. मोठा नंबर बदलणारं अपडेट आलं की दहाबारा दिवस थांबायचं, तेवढ्यात तुमच्याच मॉडेलवाल्यांना काय त्रास होतोय ते कळतं आणि बहुतेक वेळा कंपनीचं एक छोटं दुरुस्तीचं अपडेट पण मागून येतं. चवथ, घरातलं लग्न, मुलाची परीक्षा, मुंबईला डॉक्टरकडे जायचंय, अशा आठवड्यात हात लावायचा नाही. आणि बीटा (म्हणजे अजून चाचणीतलं) नावाचं काही दिसलं तर ते आपल्यासाठी नाही, त्यात बँकेची ॲप अडून बसू शकतात.

बॅकअप: इथे कंटाळा करू नका

अपडेटने फोटो पुसले जात नाहीत, साधारणपणे. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तुमचं सगळं जसंच्या तसं राहतं. पण शंभरावा मी बघितलाय, फोन चालूच होईना आणि शेवटी सगळं पुसूनच चालू करावा लागला, त्यात भाचीच्या बारशाचे फोटो गेले. म्हणून.

सेटिंगमध्ये 'गूगल' उघडा, त्यात 'बॅकअप' असतं (नाही सापडलं तर सेटिंगच्या वर जे शोधायचं भिंग असतं त्यात बॅकअप लिहा, ही सवयच लावून घ्या कारण प्रत्येक कंपनीने ती जागा वेगळीकडे ठेवलीय आणि अपडेटनंतर ती परत हलते). तिथे शेवटचा बॅकअप कधी झाला ती तारीख दिसते. ती तारीख वाचायची, नुसतं हिरवं चिन्ह बघून पुढे जायचं नाही. मी एका काकांच्या फोनवर बघितलं तर शेवटचा बॅकअप सात महिन्यांपूर्वीचा.

कारण असं की गूगल फुकटात १५ जीबी जागा देतं, त्यात मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं आलं. आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप अँड्रॉइडवर पूर्वी त्या १५ जीबीत मोजत नव्हते, २०२४ पासून मोजायला लागले. म्हणजे ज्यांच्या ग्रुपवर रोज सकाळी पन्नास सुप्रभात येतात त्यांची जागा कधीच संपलेली असते आणि बॅकअप गप्पपणे थांबलेला असतो, कुणाला पत्ताच नसतो. तर व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जा, व्हिडिओ वगळा म्हणजे आकार बराच कमी होतो, आणि 'बॅकअप' बटण दाबून पूर्ण होईपर्यंत वायफायजवळ बसा. तिथे 'एंड टू एंड एनक्रिप्टेड'साठी पासवर्ड ठेवला असेल तर तो पण त्याच कागदावर, कारण तो विसरलात तर तो बॅकअप व्हॉट्सॲपवाले स्वतःसुद्धा उघडून देऊ शकत नाहीत.

आयफोनवाल्यांना ॲपल फुकटात ५ जीबीच देतं, त्यामुळे त्यांनी तर लॅपटॉपला वायर जोडूनच बॅकअप घेतलेला बरा.

फोटोंचं माझं सरळ काम आहे, वर्षातून दोनदा वायर लावून सगळे कॉम्प्युटरवर ओढते. चवथीनंतर एकदा आणि जत्रेनंतर एकदा. क्लाउडवर विश्वास नाही असं नाही, पण आमच्याकडे पावसात नेट कधी जाईल त्यावर तर अजिबात नाही.

कागदावर अजून एक गोष्ट: फोनचा पिन. हसू नका. अपडेट झाल्यावर फोन बंद होऊन चालू होतो आणि चालू झाल्यावर पहिल्यांदा तो बोटाचा ठसा घेत नाही, चेहरा घेत नाही, पिन किंवा पॅटर्नच मागतो. रोज अंगठा लावून उघडणाऱ्याला चार वर्षांपूर्वी ठेवलेला पिन कुठला आठवायला! त्यामुळे अपडेटच्या आधी एकदा फोन नुसता रिस्टार्ट करून पिन टाकून बघा. नाही आठवला तर तुमचं अपडेट तिथेच रद्द, आधी तो विषय मिटवा.

अपडेट टाकायची रात्र

जागा बघा, किमान आठदहा जीबी मोकळी हवी. मोठं अपडेट दोन-तीन जीबीचं असतं, कधी जास्त, आणि उघडून बसायला त्याला त्याहून जागा लागते. बॅटरी पन्नास टक्क्यांच्या वर, आणि चार्जर लावलेला. डाउनलोड वायफायवरच करा. सत्तरी, सांगे, केपेच्या आतल्या गावांत रेंजसाठी ज्यांना अंगणाच्या कडेला उभं राहावं लागतं त्यांनी पणजी-मडगावला कुणाकडे गेलात की डाउनलोड तिथे उरकून घ्या, घरी येऊन 'इन्स्टॉल' दाबलं तरी चालतं.

जूनजुलैत लायट कधी जाईल नेम नाही. डाउनलोड चालू असताना गेली तर काही बिघडत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. फोनची स्वतःची बॅटरी भरलेली असेल तर इन्स्टॉल होतानाही लायट गेल्याने काही होत नाही. भीती एवढीच की मध्येच फोन मरायला नको, म्हणून पन्नास टक्क्यांची अट.

आता आत नक्की काय होतं ते थोडं सांगते, कारण ते कळलं की भीती जाते. पुष्कळ नव्या फोनांत सिस्टीमसाठी दोन कप्पे असतात, अँड्रॉइड ७ पासून ही सोय आहे. तुम्ही एका कप्प्यातून फोन चालवताय तोवर नवीन अँड्रॉइड मागच्या बाजूला दुसऱ्या कप्प्यात भरलं जातं, तुम्ही फोनवर बोलू शकता, भजनं ऐकू शकता. सगळं भरून झालं की 'रिस्टार्ट' विचारतो आणि मग फक्त कप्पा बदलतो, एकदोन मिनिटांचं काम. नवीन कप्पा नीट सुरू झाला नाही तर तो आपणहून जुन्यावर परत येतो. ज्या फोनांत ही दोन कप्प्यांची सोय नाही त्यांत मात्र रिस्टार्टनंतर वीसपंचवीस मिनिटं नुसता पडदा आणि टक्केवारी दिसते. त्या वेळात फोनला हात लावायचा नाही. पॉवर बटण दाबून धरायचं नाही. ७३ टक्क्यांवर पाच मिनिटं अडकल्यासारखं वाटेल, अडकू दे, जाऊन पोळ्या करा.

बटण कुठे, तर सॅमसंगला सेटिंगच्या तळाशी 'सॉफ्टवेअर अपडेट', पिक्सलला 'सिस्टीम'मध्ये, शाओमीला 'अबाउट फोन'मध्ये वरच नंबरवर. परत सांगते, भिंग वापरा.

रात्री आपोआप होऊ द्यायचं अशी पण सोय असते. त्यात एक गोची: पहाटे तीनला फोन रिस्टार्ट झाला आणि तुम्ही सातला उठलात, तर मधल्या वेळात फोन पिनसाठी अडून बसलेला असू शकतो. पिन पडेपर्यंत तुमचा सगळा डेटा कुलपात असतो, म्हणून व्हॉट्सॲपचे मेसेज येत नाहीत, आणि फोन आलाच तर नाव न दिसता नुसता नंबर दिसतो. रात्री आजारी माणसाजवळ फोन ठेवून झोपणाऱ्यांनी आपोआपवाली सोय बंद ठेवा.

उठल्यावर लगेच बाजारात जाऊ नका

ही माझी फजिती. गुरुवारी रात्री अपडेट केलं, शुक्रवारी सकाळी फोन मस्त चालू, नवीन रंग, मी खुशीत म्हापशाच्या बाजाराला. मयड्याची केळी घेतली, दोन फण्या, स्कॅन केलं, आणि पेमेंटच्या ॲपने सांगितलं की सिम परत पडताळायचंय, एसएमएस पाठवतो. भर बाजारात दहा वाजता त्या गर्दीत एसएमएस जातोय कुठला! शिवाय फोनमध्ये दोन सिम, बँकेत नंबर एक आणि मेसेज जात होता दुसऱ्यावरून, हे मला घरी आल्यावर कळलं. पर्समध्ये चाळीस रुपये. केळ्यांची बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "व्हर गो, फुडल्या शुक्रारा दी." दिले, पुढच्या शुक्रवारी, पण तोंड लपवत फिरत होते.

म्हणून अपडेटनंतरचा पहिला तास घरात बसून घालवा. प्ले स्टोअर उघडून वर कोपऱ्यात स्वतःच्या फोटोवर टिचकी मारा, 'मॅनेज ॲप्स'मध्ये जाऊन सगळी ॲप अपडेट करून घ्या, कारण नवीन भिंतींना जुनं सामान कधीकधी बसत नाही आणि ॲप उघडताच बंद पडायचं सगळ्यात सामान्य कारण तेच असतं. मग बँकेचं ॲप उघडा, यूपीआयवरून घरातल्याच कुणालातरी एक रुपया पाठवा. एक फोन करा, एक घ्या. गजर लावून बघा. गाडीच्या ब्लूटूथला जोडून बघा. कानातलं मशीन वापरणाऱ्यांनी ते पण जोडून बघा. पाकिटात पाचशेची नोट असू द्या आठवडाभर.

पहिल्या आठवड्यात काय वाटतं

बॅटरी! सगळ्यांचा पहिला फोन याच्यासाठी येतो, "अपडेट केलं आणि बॅटरी संध्याकाळीच संपते". पहिले दोन-तीन दिवस संपणारच. नवीन अँड्रॉइडवर प्रत्येक ॲप आतून परत जुळवून घेतलं जातं, फोटोंची यादी परत बनते, आणि ही कामं फोन मुख्यतः चार्जिंगला लावलेला आणि रिकामा असतानाच करतो. म्हणजे रात्री चार्जिंगला लावून झोपा, त्याला त्याचं काम करू दे. ॲपलनेसुद्धा आयफोनच्या आयओएस २६ च्या वेळी हेच सांगितलं की मोठ्या अपडेटनंतर काही दिवस बॅटरीवर परिणाम होतो. आठवड्यानंतरही तसंच राहिलं तर सेटिंगमध्ये बॅटरीत जाऊन कुठलं ॲप खातंय ते बघा, बहुतेक वेळा एकच कुणीतरी सापडतं, ते काढून परत टाका. पहिल्याच दिवशी दुकानात जाऊन बॅटरी बदलून घेतलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत, त्यांचे पैसे गेले ते गेलेच.

दुसरा गोंधळ वरून ओढायच्या पडद्याचा. सॅमसंगच्या फोनांवर वन यूआय ७ पासून, म्हणजे अँड्रॉइड १५ पासून, तो पडदा दोन झालाय. डाव्या बाजूने किंवा मधून बोट ओढलं की सूचना, उजव्या कोपऱ्यातून ओढलं की वायफाय, टॉर्च वगैरे. लोक मधूनच ओढत राहतात आणि म्हणतात माझा टॉर्च गेला. मला स्वतःला हे आता आवडतं, एका हाताने पटकन होतं, पण आमच्या सासूबाईंना नको होतं तर जुन्यासारखं करून दिलं: उजवीकडून ओढा, वर पेन्सिलीचं चिन्ह, मग 'पॅनल सेटिंग', आणि 'टुगेदर'. दोन मिनिटांत त्यांची टॉर्च परत आली.

अँड्रॉइड १६ मध्ये एकाच ॲपच्या सूचना आपोआप एका गठ्ठ्यात बांधल्या जातात. हे मला खरंच चांगलं वाटलं, आधी पडदा ओढला की भाजीबाजाराचा कोलाहल असायचा. डिलिव्हरीवाला किंवा गाडी कुठपर्यंत आली ते सतत वर दाखवणाऱ्या लाइव्ह सूचनांचं पण बरंच कौतुक झालंय, पण वाळपईला राहणाऱ्या माझ्या भावाला त्याचा काय उपयोग ते मला कळत नाही, त्याच्याकडे येणारी एकच गोष्ट लाइव्ह बघण्यासारखी म्हणजे कदंबा बस, आणि ती काही यात दिसत नाही.

आयफोनवाल्यांचं वेगळंच. त्यांचं १८ नंतर एकदम २६ आलं, १५ सप्टेंबर २०२५ ला. मधले नंबर हरवले नाहीत, त्यांनी नंबर वर्षाप्रमाणे द्यायला सुरुवात केली. आयफोन ११ आणि त्याच्या पुढच्यांनाच ते मिळतं, एक्सआर आणि एक्सएस वाले बाहेर. सगळं काचेसारखं आरपार दिसतं, लिक्विड ग्लास म्हणतात त्याला, दिसायला छान पण अक्षरं वाचायला जड जातात अशी पुष्कळांची ओरड झाली आणि नोव्हेंबरमधल्या २६.१ मध्ये ॲपलने ती काच धूसर करायची सोय दिली. सेटिंग, 'डिस्प्ले अँड ब्राइटनेस', 'लिक्विड ग्लास', आणि 'टिंटेड'. त्याने नाही भागलं तर 'ॲक्सेसिबिलिटी'त 'रिड्यूस ट्रान्सपरन्सी' चालू करा. आमच्या काकांच्या चष्म्याचा नंबर न वाढवता हे झालं.

नवीन आलंय तर हे एक चालू करा

नवीन गोष्टींतल्या निम्म्या तुम्ही कधी उघडणार नाही आणि त्यात काही बिघडत नाही. पण चोरीचं कुलूप मात्र जरूर चालू करा. सेटिंगच्या भिंगात 'थेफ्ट' लिहा. कुणी हातातून फोन हिसकावून पळाला किंवा स्कूटरवरून गेला तर फोन त्या झटक्यावरून ओळखतो आणि पडदा लॉक करतो. दुसरं त्याच जागी, फोन बराच वेळ नेटपासून तोडला तर लॉक होतो. हे अँड्रॉइड १० पासूनच्या फोनांवर पण मिळतं, म्हणजे मोठं अपडेट न मिळालेल्यांनाही. जत्रेच्या आणि शिगम्याच्या गर्दीत जाणाऱ्यांनी आधी हे करा मग बाकीचं. पिक्सलवर अँड्रॉइड १६ सोबत 'ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन' नावाचं एकच बटण आलंय, ते दाबलं की बाहेरून ॲप टाकणं वगैरे सगळे धोक्याचे दरवाजे एकदम बंद होतात, म्हाताऱ्या माणसांच्या फोनला उत्तम.

आणि दरवाज्यांवरून आठवलं. खरं अपडेट कधीही व्हॉट्सॲपवर येत नाही. फक्त सेटिंगमधून नाहीतर प्ले स्टोअरमधून. 'तुमचं अपडेट बाकी आहे', 'गाडीचं चलन', 'लग्नाची पत्रिका' असं काहीही नाव असलेली एपीके फाइल (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप) आली तर उघडायची नाही, ती स्वतःच्या भावाकडून आली असली तरी, कारण त्याचा फोन आधीच त्यांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. उघडलीच आणि पैसे गेले तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, जितका लवकर तितकी पैसे अडवायची आशा जास्त.

परत मागे जाता येतं का

ॲपचं येतं. मावशीचं तेच केलं मी, 'फोन' ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरलं, 'ॲप इन्फो', कोपऱ्यातले तीन ठिपके, 'अनइन्स्टॉल अपडेट्स', की जुनं रूप हजर. पण ते टिकत नाही, प्ले स्टोअर परत नवीन आणतं, म्हणून शेवटी नवीनच ठेवलं आणि त्याच्या सेटिंगमध्ये 'इनकमिंग कॉल जेश्चर'मध्ये जाऊन सरकवण्याऐवजी नुसतं टिचकी मारून उचलायचं करून दिलं.

अख्ख्या अँड्रॉइडचं मात्र मागे जाणं म्हणजे फोन पूर्ण पुसणं, आणि पुष्कळ फोनांवर तेही होत नाही. आयफोनवर ॲपल थोडे दिवस वाट बघून जुनी आवृत्ती कायमची बंद करतं. म्हणूनच ते सुरुवातीचे दहाबारा दिवस थांबायचं.

आणि अपडेट आलंच नाही तर

फोनचं वय झालं असेल. पिक्सल ८ पासून आणि सॅमसंगच्या एस २४ पासून सात वर्षं अपडेट द्यायचं कंपन्यांनी कबूल केलंय, ए ५६, ए ३६, ए २६ ला सहा, पण पाचसहा वर्षांपूर्वी घेतलेल्या दहा हजाराच्या फोनला दोनतीन वर्षांतच अपडेट थांबलेलं असतं. अशा फोनवर बँकेचे व्यवहार करू नका असं मी सांगते, बाकी फोटो, भजनं, नातवंडांशी व्हिडिओ कॉल खुशाल चालू दे. पुढचा फोन घेताना दुकानदाराला कॅमेरा किती मेगापिक्सल विचारायच्या आधी विचारा, अपडेट किती वर्षं?

मावशीचा फोन त्यातलाच, अँड्रॉइड १२ वर कायमचा थांबलेला. या चवथीला नवीन घेऊन देऊ म्हणतोय आम्ही. तिने एकच विचारलं, नवीन फोनात हिरवं बटण कुठे असतं. दाखवलं. मग माझ्या फोनवरून तिला नऊ वेळा फोन केला, नऊ वेळा तिने टिचकी मारून उचलला आणि प्रत्येक वेळी "हॅलो, कोण?" म्हणाली, मी समोरच बसले होते तरी.